जाळी

माझं नाव उखर्डू.
माझ्याआधी तीन गेली, म्हणून मायने
पाचव्या दिवशी मला उकिरड्यावर निजवलं
आणि शेजारणीने मूठभर बाजरी देऊन उचलून आणलं.
सटवाईला वाटावं, हे कुणीतरी टाकलेलं आहे,
नेऊन काय करायचं याला.

शाळेत हजेरी झाली की पोरं हसायची.
आता गावाचं सगळं सांडपाणी
ज्या जाळीपाशी येऊन अडतं
तिथे सकाळी सहाला मी दाताळं घेऊन उभा असतो,
आणि कोणी हसत नाही.
नाक धरतात, ते वेगळं.

बोरीकाठी एकशे साठ उंबरे आमचे.
आधी आपलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जायचं,
शेजाऱ्याचं बोरीत,
बोरीचं हापशातून परत आपल्याच हंड्यात.
कावीळ आली त्या वर्षी बागुलांच्या शशीने
शाळेच्या फळ्यावर नुसता एक गोल काढला
आणि खडू खाली ठेवला.

मग चर खणले, पाइप पुरले,
खडीचा वाफा केला, वर कर्दळ लावली.
सगळं झाल्यावर ग्रामसेवक म्हणाला,
जाळी कोण साफ करणार?
सभा गप्प.
आणि साऱ्या माना एकाच आळीकडे वळल्या,
वाऱ्याने बाजरी कलते तशा.

त्या आळीतली देवकाबाई उठली.
"पानी बठासनं शे ना?
मंग हात बी बठासना लागतीन."
एवढंच. बसली.
मी त्या दिवशी सभेला कशाला गेलो होतो, आठवत नाही.
वर गेलेला हात मात्र माझाच होता.
बायको दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
नाव ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता पंचायतीच्या भिंतीवर पाळ्यांची यादी आहे.
मी रोजचा, दुसरा माणूस पाळीचा.
पाटलांची पाळी आली तेव्हा त्यांचा सालदार आला.
देवकाबाईने त्याला चहा पाजून परत पाठवला.
दुपारी पाटील स्वतः आले,
नवे गमबूट घालून.

जाळी सगळं सांगते.
चैत्रात कुरडयांच्या गव्हाचं पाणी दुधासारखं येतं.
आखाजीला आंब्याच्या साली.
थंडीत भाजलेल्या वांग्याची काळी टरफलं, रोज.
हळद आली की कुठल्या गल्लीत मांडव
ते पत्रिकेआधी मला कळतं.
एकदा गोळ्यांचं पाकीट आलं,
एकही गोळी न फोडलेली.
कुणाच्या घरचं, ते सांगणार नाही.
संध्याकाळी दवाखान्यातून तसंच पाकीट आणलं,
त्या घरी जाऊन बसलो,
पावसापाण्याचं बोललो,
आणि उठताना फळीवर, देवाशेजारी, ठेवून आलो.

जाळीच्या पुढचं माझ्या हातात नाही.
टाकीत गाळ बसतो.
खडीतून पाणी इतकं हळू सरकतं
की उभं राहून पाहिलं तर हलतच नाही म्हणाल.
कर्दळीच्या मुळ्या खाली काय करतात
हे शशीने मला दोनदा समजावलं.
दोन्हीदा मान हलवली.
तीन दिवसांनी पलीकडच्या पाइपातून बोटाएवढी धार पडते.
पिण्याची नाही. पण वास नाही.
परवा तिथे बेडकं दिसली.

मायला आता दिसत नाही फारसं.
काल हट्टाने आली, माझा खांदा धरून.
धारेखाली हात धरला, नाकाशी नेला,
पुन्हा धरला.
म्हणाली, "हाई कोनी टाकी दिन्हं व्हतं, उखा?"

"बठासनी, माय."

तिने हात पदराला पुसला.
जरा वेळ तशीच उभी राहिली.
मग म्हणाली, केळीला जाऊ दे.